विचारायचं कसं, आणि विचारल्यावर पुढे काय?

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढे जे लिहिलं आहे ते वाचून अनेकींच्या कपाळावर आठी पडली असेल. अमेरिकेतले माजी सैनिक, त्यांच्या आत्महत्या आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या इस्पितळातल्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, याचा आणि स्त्रियांच्या चळवळीचा काय संबंध? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी आत्ताच एका वाक्यात देणार नाही, ते बोलता बोलता येईल. पण एवढं सांगते, की हे प्रशिक्षण घेणाऱ्यांत बहुसंख्य बायका असतात, त्या सैनिकांच्या घरात बायका असतात आणि त्या सैनिकांतही बायका असतात. तिघींचाही विचार त्या प्रशिक्षणात सारखा होत नाही. म्हणून हा विषय मी तुमच्यापुढे मांडते आहे.

मी एम.एस.डब्ल्यू. केल्यावर चार वर्षं इथे एका समुपदेशन केंद्रात काम केलं. गेली काही वर्षं टेक्सास राज्यातल्या एका सरकारी इस्पितळात सोशल वर्कर आहे. हे माजी सैनिकांचं खास इस्पितळ नव्हे. आपल्या जिल्हा रुग्णालयासारखं समजा, ज्याला दुसरीकडे परवडत नाही तो इथे येतो. त्यात माजी सैनिकही येतात. आमच्या कर्मचाऱ्यांना आत्महत्या प्रतिबंधाचं प्रशिक्षण देण्याचं काम गेली चार वर्षं माझ्याकडे आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी केंद्र सरकारचं वेगळं खातं आहे. सगळे त्याला ‘व्हीए’ म्हणतात. त्याची स्वतःची इस्पितळं, दवाखाने आहेत. एवढं असूनही २०२२ या एका वर्षात त्या देशात ६,४०७ माजी सैनिकांनी आत्महत्या केली. म्हणजे दिवसाला सरासरी सतराहून जास्त. त्यातले सुमारे ७३ टक्के मृत्यू बंदुकीने झाले. आणि दरवर्षीच्या अहवालांतून दिसणारी आणखी एक गोष्ट अशी, की मरण पावलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण शेवटच्या काळात व्हीएच्या कोणत्याही दवाखान्यात गेलेलेच नसतात. मग ते कुठे गेलेले असतात? काही कुठेच नाहीत. पण काही आमच्यासारख्या साध्या इस्पितळात पाठदुखीसाठी, झोपेच्या गोळीसाठी, दारूने बिघडलेल्या पोटासाठी येऊन गेलेले असतात. कुणीतरी त्यांचा रक्तदाब मोजलेला असतो. कुणीतरी त्यांचा केसपेपर काढलेला असतो.

हे प्रशिक्षण आलं ते एका कायद्यातून. इराकच्या युद्धावरून परतलेल्या जोशुआ ओमविग या तरुण सैनिकाने डिसेंबर २००५ मध्ये आत्महत्या केली. त्याच्या आईवडिलांनी गप्प न बसता पाठपुरावा केला आणि नोव्हेंबर २००७ मध्ये त्याच्या नावाने कायदा झाला. व्हीएच्या प्रत्येक मोठ्या इस्पितळात आत्महत्या प्रतिबंधासाठी खास समुपदेशक हवा, चोवीस तास फोनवर मदत हवी आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण हवं, असं त्या कायद्याने सांगितलं. फोनची सेवा त्याच वर्षी सुरू झाली. आता ९८८ लावून पुढे १ दाबलं, की माजी सैनिकासाठीची व्यक्ती बोलते. शिवाय १७ जानेवारी २०२३ पासून आत्महत्येच्या संकटात सापडलेल्या पात्र माजी सैनिकाला कोणत्याही इस्पितळात तातडीचे उपचार मोफत मिळण्याची तरतूद झाली. बिल सरकार भरतं. आमच्या तातडीच्या विभागात हे माहीत नसलेला कर्मचारी असला तर रुग्ण बिलाच्या भीतीने उठून घरी जातो. म्हणजे कायद्याची माहिती हासुद्धा प्रशिक्षणाचाच भाग झाला.

आता प्रत्यक्ष प्रशिक्षणात काय असतं ते सांगते.

पहिली पायरी सगळ्यांसाठी असते. सगळ्यांसाठी म्हणजे डॉक्टर, नर्स, तंत्रज्ञ, केसपेपरच्या खिडकीवरची बाई, फोन घेणारी, झाडलोट करणारी, गाडीचा ड्रायव्हर. व्हीएने यासाठी चार पायऱ्यांची एक पद्धत बसवली आहे. इंग्रजी अद्याक्षरं जोडून तिला ‘सेव्ह’ म्हणतात. मी आपल्या भाषेत सांगते: ओळखणं, विचारणं, मानणं, पोचवणं.

ओळखणं म्हणजे खुणा ओळखणं. “माझं सगळ्यांना ओझंच आहे” असं वारंवार म्हणणं, जगण्यात राम राहिला नाही अशी भाषा, झोप उडणं, पिणं वाढणं, एकदम संताप, जिवाची पर्वा न करता गाडी हाकणं, आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, अचानक निरवानिरव करणं. यातली एखादी खूण कुणाच्याही आयुष्यात असू शकते. पण दोनतीन एकत्र दिसल्या, किंवा माणसात अचानक बदल दिसला, तर थांबून बघायचं.

आमच्या इस्पितळात फोन घेणाऱ्या एका पन्नाशीच्या बाईंचं उदाहरण मी प्रत्येक प्रशिक्षणात देते. त्यांना एका गृहस्थांचा फोन आला. पुढच्या तीन महिन्यांच्या सगळ्या अपॉइंटमेंट रद्द करायच्या होत्या. “दुसरी तारीख देऊ का?” असं विचारल्यावर ते म्हणाले, “नको, आता लागणार नाहीत.” रोज असे पन्नास फोन येतात. पण या बाईंनी प्रशिक्षण घेतलं होतं. त्यांनी विचारलं, “साहेब, लागणार नाहीत म्हणजे? तुम्ही आत्महत्येचा विचार करताय का?” पलीकडे बराच वेळ शांतता. मग “हो.” बाईंनी फोन ठेवला नाही, शेजारणीला खूण करून मला बोलावलं आणि मी येईपर्यंत त्या माणसाशी त्याच्या कुत्र्याबद्दल बोलत राहिल्या. तो गृहस्थ आज हयात आहे. कोणत्याही डॉक्टरने हे काम केलेलं नाही. ते केलं खिडकीमागच्या, सर्वांत कमी पगाराच्या बाईने.

दुसरी पायरी विचारणं. इथे सगळे अडखळतात. तिथले अडखळतात तसेच आपणही अडखळतो. आपण काय म्हणतो? “मनात काही वेडंवाकडं तर नाही ना?” या वाक्यात दोन गोच्या आहेत. एक, ‘वेडंवाकडं’ म्हटल्याबरोबर आपण निकाल दिला, की तुझ्या मनात जे आहे ते वेडं आहे, वाकडं आहे. दोन, ‘नाही ना’ म्हटल्याबरोबर आपण उत्तरही सांगून टाकलं. समोरचा आपल्याला बरं वाटावं म्हणून म्हणतो, “छे छे, तसं काही नाही.” म्हणून सरळ विचारायचं, शांतपणे, डोळ्यात बघून: “आत्महत्येचा विचार तुमच्या मनात येतोय का?” असं विचारल्याने विचार डोक्यात घुसतो, ही समजूत खोटी आहे. यावर बरंच संशोधन झालेलं आहे आणि विचारल्याने धोका वाढल्याचं त्यात आढळलेलं नाही. उलट बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं, की हा शब्द एकदाचा कुणीतरी उच्चारला.

तिसरी, मानणं. म्हणजे त्याचं म्हणणं योग्य आहे असं मानणं नव्हे, तर त्याचं दुःख खरं आहे हे मानणं. “अहो, तुम्ही तर शूर सैनिक, तुम्हीच असं म्हटल्यावर कसं?” हे वाक्य आमच्याकडे हमखास ऐकू येतं. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ऐकणाऱ्याला कळतं, की इथे फक्त शूर असण्याची परवानगी आहे. मर्दानगीची ही कल्पना पुरुषाला बोलू देत नाही, हे आपण चळवळीत अनेक वर्षं सांगत आलो. तिथे मी ते रोज बघते. पुरुषसत्तेची किंमत पुरुषही मोजतात, ती अशी.

चौथी, पोचवणं. “मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा हं” असं सांगून चिठ्ठी हातात देणं म्हणजे पोचवणं नव्हे. सोबत चालत जाऊन पुढच्या माणसाच्या हवाली करणं, फोन स्वतः लावून देणं, तोपर्यंत एकटं न सोडणं, हे पोचवणं.

ही झाली सगळ्यांसाठीची पायरी. पुढची पायरी नर्स, डॉक्टर आणि सोशल वर्कर यांच्यासाठी. तिच्यात ठरावीक प्रश्नांची छोटी यादी असते, जोखीम किती हे ठरवायला. आणि मग येतो सुरक्षितता आराखडा. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन या दोघांनी तो तयार केला. हा एक साधा कागद असतो, रुग्णाच्या शेजारी बसून, त्याच्याच शब्दांत भरलेला. त्यात सहा गोष्टी. माझं बिनसायला लागलं हे मला कशावरून कळतं? तेव्हा मी एकटा काय करू शकतो? मन दुसरीकडे वळवायला कुठे, कुणाकडे जाऊ शकतो? मदत मागण्याजोगी माझी माणसं कोण? कोणते डॉक्टर, कोणते फोन? आणि जीव घेण्याचं साधन माझ्यापासून लांब कसं ठेवायचं? व्हीएच्या ५ इस्पितळांच्या तातडीच्या विभागांत या आराखड्याला नंतरच्या पाठपुराव्याच्या फोनची जोड देऊन पाहिली. २०१८ साली त्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढच्या सहा महिन्यांत या रुग्णांमध्ये आत्महत्येशी संबंधित कृतींचं प्रमाण इतरांच्या तुलनेत जवळजवळ निम्म्यावर आलेलं दिसलं. एक कागद आणि काही फोन. पण कागद भरायला पाऊण तास देणारं माणूस हवं आणि फोन करायला दुसऱ्या दिवशी कामावर असणारं माणूस हवं.

पूर्वी याऐवजी रुग्णाकडून लिहून घेत, की ‘मी आत्महत्या करणार नाही.’ आपल्याकडेही हे चालतं, फक्त लिहून घेण्याऐवजी आपण शपथ घालतो. “मुलांची शपथ आहे तुला.” या शपथेने जीव वाचतो असा पुरावा नाही. एक मात्र होतं. पुढच्या वेळी विचार आला तर ती बाई आपल्याकडे येत नाही, कारण तिने शपथ मोडल्यासारखं तिला वाटतं. शपथ आपल्या मनाच्या शांतीसाठी असते. आराखडा तिच्यासाठी असतो.

आता साधनांबद्दल. आत्महत्येचं टोकाचं संकट बहुतेकदा लाटेसारखं येतं आणि ओसरतं. ती वेळ टळली, की अनेक जण पुढे जगतात. म्हणून त्या वेळी साधन हाताशी नसणं फार महत्त्वाचं. इस्रायलच्या लष्कराने २००६ साली तरुण सैनिकांना सुट्टीच्या दिवशी घरी जाताना बंदूक छावणीत ठेवायला लावली, तर त्यांच्यातलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. श्रीलंकेने १९९५ नंतर अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, तर पुढच्या दहा वर्षांत त्या देशातल्या आत्महत्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. माणसांची दुःखं काही निम्मी झाली नव्हती. कीटकनाशकाचं नाव घेतल्यावर विदर्भ-मराठवाड्यातल्या मैत्रिणींना वेगळं काही सांगायला नको.

व्हीए माजी सैनिकांना बंदुकीला लावायची कुलपं फुकट वाटते. कर्मचाऱ्यांना शिकवलं जातं, की बंदुकीच्या बाजूने किंवा विरोधात भाषण देऊ नका. फक्त विचारा, की हा वाईट काळ सरेपर्यंत ती घराबाहेर कुठे ठेवता येईल का, किंवा कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्या कुणाकडे देता येईल का. टेक्सासमध्ये अशा भाषेशिवाय संभाषण पुढे सरकतच नाही.

आणि इथे, मैत्रिणींनो, आपला प्रश्न येतो. ‘किल्ली दुसऱ्या कुणाकडे’ म्हणजे कुणाकडे? नव्वद वेळा उत्तर असतं, “बायकोकडे.” आम्हाला पुरवलेल्या माहितीपत्रकातही तेच होतं, की कुटुंबीयांचं सहकार्य घ्यावं. एका प्रशिक्षणात आम्ही सराव म्हणून प्रसंग वठवत होतो. एक नर्स, एक रुग्ण. नर्सने छान समजावलं आणि शेवटी म्हणाली, “मग किल्ली मिसेसकडे द्या.” तेव्हा मागच्या रांगेतली एक सफाई कामगार उठली. ती स्वतः माजी सैनिकाची बायको. म्हणाली, “आणि रात्री दोन वाजता दारू पिऊन तो किल्ली मागायला लागला तर? मी दिली तर तो मेल्याचा दोष माझा. नाही दिली तर माझं काय होईल हे कुणी विचारलं का?”

सभागृहात कुणी बोललं नाही. कारण खरोखरच कुणी विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून आमच्या विभागात आम्ही क्रम बदलून घेतला. बायकोला मदतनीस म्हणून धरण्याआधी तिच्याशी वेगळं, एकटीशी बोलायचं. घरात मारहाण आहे का? किल्ली तुमच्याकडे ठेवणं तुम्हाला सुरक्षित वाटतं का? नसेल तर भाऊ, मित्र, काही गावांत बंदुकीचे दुकानदार किंवा पोलीसही ती तात्पुरती ठेवून घेतात, तिकडे बघायचं. व्हीएमध्ये २०१४ पासून जोडीदाराच्या हिंसाचारावर काम करणारा स्वतंत्र कार्यक्रम आहे. पण आत्महत्येचं प्रशिक्षण एका खोलीत आणि हिंसाचाराचं दुसऱ्या खोलीत, असं चालतं. बाई मात्र दोन्हींसह एकाच घरात राहत असते.

हे तुमच्या केंद्रातही घडतं. “तू माहेरी गेलीस तर मी जीव देईन,” ही धमकी ऐकून किती जणी परत गेल्या असतील याची मोजदाद नाही. यावर आपण कधी म्हणतो, “नाटकं आहेत, लक्ष देऊ नकोस.” कधी म्हणतो, “जा बाई, उगाच काही झालं तर?” माझं म्हणणं असं, की दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. धमकी खरी मानायचीच, पण ती निस्तरण्याचं काम तिच्या गळ्यात घालायचं नाही. त्याचा भाऊ, त्याचे डॉक्टर, मदतीचा फोन, गरज पडली तर पोलीस, यांच्याकडे ती जबाबदारी पोचवायची आणि बाईला सुरक्षित जागी जाऊ द्यायचं. त्याचा जीव मोलाचा आहे, आणि त्यासाठी तिचा जीव तारण ठेवायचा नाही. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी म्हणता आली पाहिजेत.

आता सैनिक असलेल्या स्त्रियांबद्दल. अमेरिकेत सुमारे वीस लाख स्त्रिया माजी सैनिक आहेत. लष्करात न गेलेल्या स्त्रियांच्या मानाने त्यांच्यात आत्महत्येचं प्रमाण कितीतरी जास्त आहे. आणि २०२१ साली त्यांच्या आत्महत्यांपैकी निम्म्याहून अधिक बंदुकीने झाल्या. व्हीए प्रत्येक रुग्णाला लष्करात असताना झालेल्या लैंगिक छळाबद्दल आणि अत्याचाराबद्दल विचारते. तीनपैकी एक स्त्री ‘हो’ म्हणते. पुरुषांत हे प्रमाण पन्नासात एक आहे. सैनिकांत पुरुषांची संख्या खूप मोठी असल्याने असे पुरुषही हजारोंनी आहेत, हेही विसरायला नको. अत्याचार करणारा बहुधा शत्रूपक्षाचा नसतो, तो आपल्याच तुकडीतला असतो, कधी वरिष्ठ असतो. तक्रार त्याच्याच साखळीतून वर जायची. १९९२ च्या कायद्याने या स्त्रियांना व्हीएमध्ये समुपदेशन मिळू लागलं. आज या उपचारांसाठी तेव्हा तक्रार केली होती का, पुरावा आहे का, असं विचारलं जात नाही. उपचार मोफत असतात. हे वाचून मला आपल्याकडच्या किती तरी जणी आठवल्या, ज्यांना दवाखान्यात पहिला प्रश्न विचारला जातो, “पोलिसात दिलंय का?”

पण या स्त्रिया दारापर्यंतच येत नाहीत. का? कारण खिडकीवर कार्ड दिलं, की विचारतात, “हे तुमच्या मिस्टरांचं का?” आणि त्या स्वतःही स्वतःला माजी सैनिक म्हणवत नाहीत. आमच्याकडे पाठदुखीसाठी एक चाळिशीची बाई येत असे. फॉर्मवर ‘आपण माजी सैनिक आहात का?’ यापुढे तिने ‘नाही’ वर खूण केली होती. आम्ही प्रश्न बदलून घेतला: “तुम्ही कधी लष्करात काम केलंय का?” तर म्हणाली, “हो, सहा वर्षं. ट्रक दुरुस्त करत होते. पण मी लढाईवर कुठे गेले होते?” एका प्रश्नाचे शब्द बदलले आणि तिला दहा वर्षं न मिळालेला हक्क समोर आला. खुद्द व्हीएचं ब्रीदवाक्य राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या १८६५ च्या भाषणातून घेतलेलं होतं. लढाई झेललेल्या ‘त्याची’ आणि ‘त्याच्या’ विधवेची, अनाथ मुलाची काळजी घेण्याचं वचन त्यात होतं. सैनिक म्हणजे पुरुष, आणि बाई म्हणजे विधवा. स्त्री सैनिकांनी अनेक वर्षं आवाज उठवल्यावर मार्च २०२३ मध्ये ते बदललं गेलं. भाषा बदलून काय होतं, असं कुणी विचारलं तर हे उदाहरण द्या. खिडकीवरच्या प्रश्नापर्यंत ते पोचतं.

आता या प्रशिक्षणाची दुसरी बाजू. प्रशिक्षण स्वस्त असतं. माणसं नेमणं महाग असतं. म्हणून प्रशासनाला प्रशिक्षण फार आवडतं. खिडकीवरच्या बाईला अर्धा तास व्हिडिओ दाखवला, सही घेतली, झालं. पण तिने सरळ प्रश्न विचारला, समोरचा ‘हो’ म्हणाला, आणि संध्याकाळी सहानंतर इस्पितळात सोशल वर्करच नसेल, तर ती बाई त्या ‘हो’ चं काय करणार? मी हे पाहिलेलं आहे. एका ठिकाणी तातडीच्या विभागातली नर्स तीन तास रुग्णाजवळ बसून राहिली, बाकीचे रुग्ण खोळंबले म्हणून तिलाच बोलणी बसली. विचारायला शिकवणं आणि पुढची व्यवस्था न देणं, ही कर्मचाऱ्याची आणि रुग्णाची, दोघांची फसवणूक आहे.

शिवाय, सगळं करूनही काही रुग्ण जातात. त्यानंतर त्या कर्मचाऱ्यांना कुणी विचारत नाही. चौकशी होते, “कागद भरला होता का?” पण “तू कशी आहेस?” हे विचारलं जात नाही. काळजी घेण्याचं काम बायकांचं, आणि त्या कामाचं ओझंही त्यांचंच, हा हिशेब तिथेही तोच आहे. म्हणून आम्ही कर्मचाऱ्यांच्या वतीने तीन गोष्टी लेखी मागितल्या. प्रशिक्षण कामाच्या, पगारी वेळेत व्हावं. चोवीस तास कुणाला फोन करायचा त्या माणसाचं नाव आणि नंबर प्रत्येक टेबलावर असावा. आणि एखादा रुग्ण गेला, तर त्याच्याशी संबंध आलेल्या प्रत्येकीला, झाडलोट करणारीलाही, बोलण्यासाठी वेळ मिळावा. पहिल्या दोन मिळाल्या. तिसरीसाठी अजून भांडतो आहोत.

शेवटी आपल्याकडे येते. सातारा, कोल्हापूर, सांगली भागात पिढ्यान्‌पिढ्या लष्करात जाणारी घरं आहेत. तिथल्या मैत्रिणी इथे बसल्या आहेत. पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होऊन आलेला नवरा, त्याची झोप, त्याचं पिणं, त्याचं गप्प राहणं, हे त्यांना मी सांगायला नको. माजी सैनिकांच्या आरोग्यासाठी केंद्र सरकारची योजना २००३ पासून आहे आणि तिचे दवाखाने जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. ‘टेली-मानस’ ची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा खास कक्ष उघडला. कायद्याची बाजूही बदलली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरून तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत जुनं ३०९ कलम राहिलं नाही. आत्महत्येचा प्रयत्न केला म्हणून गुन्हा दाखल होईल, या भीतीने दवाखान्यातून पळ काढायचं कारण उरलेलं नाही. हे आपल्या बायकांना माहीत आहे का? दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांना माहीत आहे का?

आणि हे फक्त सैनिकांपुरतं नाही. २०१६ साली जगभरात आत्महत्येने मरण पावलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ३७ टक्के भारतातल्या होत्या. त्यातल्या कितीतरी जणी आधी कुठल्या ना कुठल्या दवाखान्याच्या खिडकीसमोर उभ्या राहिल्या असतील. डोकं दुखतं म्हणून, अंगावरून जातं म्हणून, पोर आजारी आहे म्हणून.

तेव्हा आपल्या गटांनी हे करावं असं मला वाटतं. आपापल्या तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात आणि माजी सैनिकांच्या दवाखान्यात जाऊन विचारावं, की इथे आत्महत्या प्रतिबंधाचं प्रशिक्षण कुणाकुणाला मिळालं आहे? केसपेपर काढणारीला, आशाताईला, आयाबाईला मिळालं आहे का? रुग्ण ‘हो’ म्हणाला तर त्या कुणाला फोन करतात? घरातल्या बाईशी वेगळं बोलायची पद्धत आहे का? उत्तर लिहून घ्यावं. नसेल तर लेखी मागणी करावी. आणि आपल्या स्वतःच्या केंद्रातही हाच प्रश्न एकमेकींना विचारावा.

आज घरी जाण्यापूर्वी एक छोटं काम करा. शेजारी बसलेल्या मैत्रिणीकडे वळून ते वाक्य एकदा मोठ्याने म्हणून बघा: “आत्महत्येचा विचार तुझ्या मनात येतोय का?” पहिल्यांदा जीभ अडखळेल. इथे अडखळली तर चालेल. १४४१६ हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि तुमच्यापैकी कुणाला स्वतःसाठीच तो लागणार असेल, तर त्यात काहीही कमीपणा नाही.

मी शिबिर संपेपर्यंत इथेच आहे. एकटीने बोलायचं असेल, तर एकटीने या.